दोनशे चाळीस चित्रांचा एक सेकंद

ठाकूरद्वार, मुंबई
२३ जून २०२५

शेवंती,

नमस्कार. मायन्यात काय लिहावं यावर पाच मिनिटं गेली, मग नुसतं नाव लिहिलं. मी ठीक आहे. गुडघे होते तसेच आहेत. कुडाळला तुझ्या भावाच्या घरी सगळं क्षेम असेल असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी फोनवर मी दोन वाक्यांत कामाचं बोलून ठेवून देते, हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र.

मनगटाचा व्यायाम करतेस ना? स्पंजचा चेंडू सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा दाबायचा, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. कंटाळा करायचा नाही.

आता कामाचं. आपल्या मंगळागौर मंडळाला या श्रावणात पंचवीस वर्षं होतात. 'आपल्या' असं हाताला सवयीनं लिहून गेलं. गेल्या सप्टेंबरात यादीतून तुझं नाव मीच काढलं, ते विसरलेले नाही. पण पंचविसातली चोवीस वर्षं तू होतीस, तेव्हा शब्द तसाच राहू दे. पाच ऑगस्टला, मंगळवारी, दादरच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि सुरुवातीला वीस मिनिटांची फिल्म दाखवायची ठरलं आहे. फिल्म कोण करणार म्हटल्यावर सगळ्या आपापल्या बांगड्या बघायला लागल्या. मी म्हटलं, मी करते. चौतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवला, कॉम्प्युटर म्हणजे काय हिमालय आहे?

आहे. आपल्या मंडळातल्या पूर्वीनं बँकेतून परस्पर येऊन माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ जोडायचा प्रोग्राम घालून दिला आणि सगळ्या वर्षांच्या क्लिपा एका पेनड्राइव्हवर आणून दिल्या. पहिले दोन दिवस बरे गेले. मग चित्र चालता चालता थिजायला लागलं. वर पाटी येते, 'प्रतिसाद देत नाही', आणि मध्यभागी एक चक्र फिरत राहतं. वर्गात एखाद्या मुलानं असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. याला कुठे उभं करणार?

सगळे उपाय केले. बंद करून चालू केला. बाकीच्या खिडक्या बंद केल्या. तीन वर्षांचे सुप्रभात आणि शुभ सकाळ पुसून जागा केली. मग सगळ्या क्लिपा वर्षांप्रमाणे कपाटं लावावीत तशा लावल्या, प्रत्येकीला नीट नाव दिलं, आणि प्रोग्राम उघडला तर सगळीकडे लाल पाट्या! ज्या जागेवरून त्यानं क्लिप उचललेली असते ती जागा बदलली की त्याला ती सापडत नाही. म्हणजे नीटनेटकेपणाची शिक्षा. पुन्हा सगळं होतं तसं पसरून ठेवलं.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. थिजतो तो नेहमी एकाच जागी. गेल्या श्रावणातल्या प्रभादेवीच्या कार्यक्रमात आपण दोघी फुगडी घालतो आहोत, तिथे. तू पडायच्या जरा आधी.

असो. पहिल्या वर्षीचा सगळ्यांचा फोटो तुझ्याकडे आहे, तो पाठव. पाकिटात पुठ्ठा घाल, नाहीतर मोडेल.

सुचित्रा


ठाकूरद्वार
४ जुलै २०२५

शेवंती,

तुझं पाकीट पोचलं. फोटो शाबूत आहे, पुठ्ठा घातलास हे बरं केलंस. सोबतची चिठ्ठी वाचली. तू बोलतेस तशीच लिहितेस. 'बाई, हात चलता. भाकरे थापतंय, पण तवो उचलाक जमना नाय. तुमचो कॉम्प्युटर सुरू झालो काय?' दहा महिन्यांनी तीन वाक्यं, आणि त्यातलं एक माझ्या कॉम्प्युटरला. मी ती चिठ्ठी टेबलावरच्या काचेखाली ठेवली आहे.

तवा उचलता येत नाही, मग भाजणी कोण भाजतं? लालबागला तुझ्या खोलीत शिरलं की जिरं-धण्याचा वास पार पाठीत जाऊन बसायचा. परवा तिथून गेले. तुझ्या दाराला कुलूप आहे. उंबऱ्यावर कोणाची तरी मांजर झोपली होती. हे उगाच लिहिलं.

कॉम्प्युटरचं सांगते. शेवटी आमच्या वाडीतल्या विल्माला बोलावलं. तुला आठवत असेल, ती आणि तिचा ऑस्टिन तीस वर्षं लग्नांची शूटिंगं करायचे. तो कॅमेरा धरायचा आणि ती घरी बसून कापायची, जोडायची. आता दोघंही निवृत्त. गळ्यात चष्मा अडकवून आली, खुर्ची ओढली, आणि पहिलंच वाक्य,

"टीचर, हा मेलेला नाय गं. थकलाय. पाच वर्षांचा म्हातारा, आणि तू ह्याच्या डोक्यावर चोवीस वर्षं चढवलीस."

"पाच वर्षांत कसला म्हातारा?"

"मशीनचं वय कुत्र्यासारखं मोजायचं."

मग ती कामाला लागली. हा प्रोग्राम आपलं कच्चं काम बाजूला साठवत जातो आणि स्वतःहून कधी टाकत नाही. तो सगळा साठा तिनं पुसला. बघायच्या चित्राचा दर्जा पावपट केला. मग जड क्लिपांच्या हलक्या प्रती करून घेतल्या. काम हलक्या प्रतींवर करायचं आणि शेवटी प्रोग्राम आपोआप खऱ्या क्लिपा घालतो. या हलक्या प्रतींत चेहरे नीट दिसत नाहीत. सगळ्या बायका ओल्या काचेपलीकडे असाव्यात तशा दिसतात. हिरवे, जांभळे, मोतिया रंग एकमेकांत मिसळतात, कोण कोण ते चालीवरून ओळखायचं. दुपारी दोनला पंख्याखाली बसून मी हे बघत होते आणि मला क्षणभर वाटलं, आपण सगळ्या पाण्याखाली खेळतो आहोत आणि वर कोणाला त्याचा पत्ताच नाही.

तरीही त्याच जागी थिजला.

विल्मानं दिव्यांच्या माळेतला गेलेला दिवा शोधतात तसं केलं. अर्धी फिल्म बंद, अर्धी चालू. मग त्यातली अर्धी. असं करत करत एका क्लिपवर बोट ठेवलं. "हा तुझा चोर."

झालं होतं असं, की त्या दिवशी चित्रण पूर्वी करत होती आणि तिच्या फोनवर चुकून संथ चित्रणाचं बटण दाबलेलं होतं. साधा व्हिडिओ सेकंदाला तीस चित्रं घेतो. यात एका सेकंदाची दोनशे चाळीस आहेत. माझ्या थकलेल्या लॅपटॉपला ती उचलवत नाहीत. तू पडलीस तेव्हा पूर्वी फोन टाकून धावली, आणि पुढे ती क्लिप कोणी उघडलीच नाही.

"काढून टाक," विल्मा म्हणाली. "ही एक काढलीस की बाकीची फिल्म लोण्यासारखी चालेल."

"ठेवायची आहे."

"कशाला? बाई पडते ना त्यात? लग्नात नवरीची मावशी आपटली, तर मी ती कॅसेटमध्ये ठेवली काय? तीस वर्षं लोकांचं रडणं, पडणं, भांडणं कापत आले. एक माणूस विचारायला नाय आला, की विल्मा, आमचं भांडण कुठाय?"

"विचार करते."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "टीचर आणि विचार करते?"

ती गेली. मी क्लिप काढली नाही. संध्याकाळपर्यंत पडदा तसाच थिजलेला होता. त्यात तुझं डोकं मागे गेलेलं आहे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, कारण तू गात होतीस. तुझ्या अंबाड्यातला गजरा सुटून हवेत आहे आणि एक फूल तर अगदी एकटं, कोणाचंच नसल्यासारखं. मागचे लोक म्हणजे नुसत्या रंगाच्या रेघा. फुगडी भरात आली की भिंती जातात, लोक जातात, समोरचा एक चेहरा तेवढा स्थिर राहतो. चोवीस वर्षं तो चेहरा तुझा होता. बाहेर उजेड उतरत गेला, खोलीतल्या वस्तू एकेक करून निघून गेल्या, आणि तू तशीच हवेत रेललेली, पडायची राहिलेली.

चित्र पुढे जात नव्हतं म्हणून बघत बसले. दुसरं कारण नाही.

चेंडू दाबत जा.

सुचित्रा


ठाकूरद्वार
१४ जुलै २०२५

शेवंती,

मागच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य खोटं आहे.

विल्मानं नऊ तारखेला ती क्लिप दुसऱ्या साच्यात बदलून दिली. तासभर लागला. तेव्हापासून लॅपटॉप एकदाही अडकलेला नाही. सरळ चालतो. आता मीच थांबवते. जेवण झालं की बसते, त्या जागेपर्यंत येते आणि बोट आपोआप बटणावर जातं. मग बाणाच्या कळीनं एकेक चित्र पुढे. पाच दुपारी मी हेच केलं. बाकीची फिल्म तशीच पडली आहे. पहिल्या दिवशी आवाज चालू ठेवला होता. संथ केल्यावर तुझं गाणं लांबच्या भोंग्यासारखं होतं, जाड, खोल, शब्द नसलेलं. ऐकता ऐकता डोळा लागला आणि झोपेत मी तुझे दोन्ही हात धरलेले होते. जागी झाले तर मुठी आवळलेल्या होत्या.

आता काय दिसतं ते क्रमानं लिहिते. शाळेत प्रयोग लिहून घ्यायचे तसं. नाहीतर मी पुन्हा पंख्याविषयी लिहीन.

आपले हात अढीचे, नेहमीसारखे. माझ्या उजव्यात तुझा उजवा, डाव्यात डावा. वेग पुरा आला आहे. मग माझा डावा खांदा दिसतो. पदराची पिन उघडली आहे आणि पदर खांद्यावरून निसटायला लागला आहे. दोन बोटं, तीन बोटं. तू डोळे मिटून गाते आहेस. मग माझा उजवा हात उघडतो. पाची बोटं, स्वच्छ दिसतात. तो हात तुला सोडून माझ्या खांद्यावर जातो आणि पदर धरतो.

तुझी बोटं तेव्हाही मिटलेली आहेत, शेवंती. माझा हात गेल्यावरसुद्धा तुझा उजवा हात हवेत तसाच, कोणाला तरी धरल्यासारखा. आणि डाव्या हातानं तू मला धरून आहेस. मी मोजलं. एकवीस चित्रं. तेवढा वेळ तू एका हातानं आपल्या दोघींचं वजन पेललंस. मग तोही सुटला, आणि तू त्या मोकळ्या उजव्या हातावर जाऊन पडलीस.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत पाहुणे. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले, माझा पदर कधी ढळला नाही. मंडळात नवीन बाई आली की मी पहिल्या दिवशी तिच्या पिना तपासायची, आठवतं? हातानं ठरवायला वेळच घेतला नाही. माणूस की पदर, यात त्यानं पदर उचलला. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. काय झालं ते लिहिते.

आणि मग मी काय बोलले? तू जमिनीवर होतीस, मी खांद्यावर हात ठेवून उभी होते आणि ओरडले, "हात का सोडलास?"

ते तू खरं मानलंस. सगळ्यांनीच मानलं. मी बाई ना.

हॉस्पिटलात प्लास्टर घालून झाल्यावर तू म्हणालीस, "चुकी माझीच, बाई. हात घामेजलेलो होतो. तुमचो कार्यक्रम वाया गेलो." डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. ते हाताच्या दुखण्याचं नव्हतं. मी म्हटलं, "असू दे."

असू दे!

आता तू विचारशील, तेव्हा मला ठाऊक होतं का? पाच दुपारी मी स्वतःला तेच विचारलं. पहिल्या दिवशीचं उत्तर होतं, नाही, क्लिप बघेपर्यंत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच उत्तर जरा हळू दिलं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी घरी येऊन साडी सोडली, तेव्हा उघडी पिन पदराला लोंबत होती आणि खांद्यावर तिचा लांब ओरखडा होता. मी ओरखड्याला हळद लावली, पिन मिटली आणि डबीत टाकली. विचार केला नाही. विचार न करण्यासाठी किती नेट लावावा लागतो, ते आता कळतं. एखादं स्वप्न पडलं होतं एवढं आठवतं, आणि काय पडलं ते आठवायचं आपण टाळतो, तसे मी हे महिने काढले.

महिन्याभरात मी नियम केला, साठीपुढच्या बायकांनी फुगडी घालायची नाही. त्या नियमानं तू गेलीस. मीही फुगडी सोडली, आणि सगळ्या म्हणाल्या, बाई किती काटेकोर, स्वतःलाही सूट देत नाहीत. मला कोणाचा हात धरायचा नव्हता, एवढंच होतं त्यात.

तुझा तवा, तुझी भाजणी, तुझी लालबागची खोली, हे सगळं त्या एका चित्रापासून पुढचं आहे.

मी हात सोडला. तू सोडला नाहीस. हे वाक्य तीनदा खोडलं, त्याचे डाग वर दिसतील.

सुचित्रा


ठाकूरद्वार
२२ जुलै २०२५

शेवंती,

चौदाचं पत्र तुला मिळालं असेल. उत्तर नाही, आणि घाईनं येऊ नये असंही वाटतं.

आज मंगळवार, परळच्या शाळेत तालीम होती. तुझ्या उत्तराची वाट न बघता सगळ्यांना सांगितलं. तू 'सांगा' म्हटल्यावर सांगितलं असतं, तर ते तुझ्या मोठेपणावर निभावून गेलं असतं. मला तसं नको होतं. लॅपटॉप टेबलावर ठेवला, चौदाजणींना भोवती उभं केलं आणि क्लिप लावली. आधी काही बोलले नाही. अडकेल अशी अर्धी आशा होती. अडकली नाही.

माझा हात उघडला तिथे पूर्वी "ईऽऽ" म्हणाली आणि तोंडावर हात धरला. मग राधाबाई. तुला माहीत आहे त्यांचा आवाज.

"पदर गेला असता तर गेला असता हो, बाई! आत ब्लाउज नव्हता काय तुमच्या?"

एक-दोघी हसल्या. मलाही हसू येईल असं वाटलं, आलं नाही. त्यांचं पुढचं वाक्य मात्र हसण्यासारखं नव्हतं. "तिला आम्ही वर्षभर घामट हाताची म्हटलं. तुमच्यासमोर म्हटलं. तुम्ही ऐकत होतात."

"होय," मी म्हटलं.

"मग काय बोलायचं आता?" असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि तालीम न करता गेल्या. त्यांच्यामागून आणखी तिघी गेल्या. कोणी तरी म्हणालं, जाऊ दे बाई, झालं ते झालं, कशाला उकरता. त्या सहानुभूतीपेक्षा मला राधाबाईंची पाठ बरी वाटली. पूर्वी थांबली. तिनं खुर्च्या लावल्या, लॅपटॉप बंद केला आणि जाताना फक्त एवढं विचारलं, "शेवंतीमावशीला सांगितलंत?" मी हो म्हटलं. "आधी?" मी पुन्हा हो म्हटलं. तेव्हा तिनं माझी पिशवी उचलून जिन्यापर्यंत आणून दिली.

साठीचा नियम आज रद्द केला. यादीत तुझं नाव पुन्हा लिहिलं आहे. तुला नको असेल तर तू स्वतः खोड, मी पुन्हा खोडणार नाही. मंडळ कोणी चालवायचं ते पाच तारखेनंतर बायकांनी ठरवावं, असंही सांगितलं.

फिल्मच्या दोन प्रती केल्या आहेत. एकीत ती क्लिप आहे, पूर्ण, मी बोट न लावता सोडलेली, आणि त्यानंतर मी उभी राहून काय झालं ते हॉलला सांगणार. दुसरीत क्लिप नाही. तरी सांगणार आहेच, फक्त तुला पडताना कोणी बघणार नाही. पडणं तुझं आहे, ते लोकांना दाखवायचं की नाही हे मी ठरवू शकत नाही. 'ठेवा' किंवा 'काढा' एवढं पूर्वीला फोनवर कळव. काहीच कळवलं नाहीस तर काढलेली प्रत लावीन.

हॉस्पिटलात तू मागितलेली माफी मी ठेवून घेतली होती. ती माझी नव्हती. परत करते आहे. माझी मागते आहे. ती द्यायची की नाही, याला तारीख नाही, आणि पाच ऑगस्टशी तिचा संबंध लावू नकोस.

अजून एक. ती एकवीस चित्रं मी रोज बघते. इतक्या जोरानं मला आयुष्यात कोणी धरलं नव्हतं.

तुझा हात सोडलेली,
सुचित्रा